इंग्लंडचे आडरस्ते आणि सायकलस्वार

रस्ता कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याच्या पुस्तकातला वाटतो. परंतु इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून सायकलीवर सहल करणाऱ्यांचा इतिहास चाळला म्हणजे दिसून येते की, तो सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आहे. रस्ता ओस पडला म्हणून तो सायकलस्वाराला लाभला. त्याने तो सुधारावा म्हणून खटपट केली. आणि रस्ता सुधारताच मोटारीने त्यालाच बाजूला सारले! ज्या निवांत आडरस्त्यांची आज वाखाणणी होते, त्यांकडे सायकलस्वार वळला तो अशा क्रमाने.

हे आडरस्ते कोणी एकाने आखलेले नाहीत. शेतातून देवळाकडे, देवळाकडून गिरणीकडे, गिरणीकडून बाजाराच्या गावी, अशी माणसांची व गुरांची वाट शतकानुशतके रुळत गेली आणि तिचाच रस्ता झाला. प्रत्येक शेताच्या बांधाला वळसा घालावयाचा, म्हणून तो पदोपदी वळतो. दोन्ही अंगांस झुडपांची दाट कुंपणे असतात. डेव्हन परगण्यात तर गाड्यांची चाके आणि पावसाचे पाणी यांनी काही रस्ते इतके खोल गेले आहेत की, वाटसरूला दोहों बाजूंस जणू हिरव्या भिंतीच दिसाव्यात.

हमरस्त्यांची गोष्ट निराळी. त्यांवरून टपालाच्या चार घोड्यांच्या गाड्या धावत, आणि रस्त्यांच्या देखभालीसाठी नाक्यानाक्यावर कर घेतला जाई. १८३० साली लिव्हरपूल व मँचेस्टर या शहरांमध्ये आगगाडी सुरू झाली, आणि पुढे थोड्याच वर्षांत लोहमार्गांचे जाळे देशभर पसरले. घोड्यांच्या गाड्या बंद पडल्या. वाटेवरच्या उतारशाळांच्या तबेल्यांत घोडे राहिले नाहीत व खोल्यांत पाहुणे राहिले नाहीत. नाक्यांचे उत्पन्न बुडाले. नाकी चालविणारी मंडळे एकामागून एक मोडीत निघाली आणि त्यांतले अखेरचे १८९५ साली संपुष्टात आले.

या ओसाडीत पायगाडी आली. आरंभी ती पुढे उंच चाक व मागे लहान चाक अशा घडणीची होती. वाटेत धोंडा आला तर स्वार थेट डोक्यावर आपटावयाचा. तरीही हौशी तरुण गावोगाव हिंडू लागले. ऑगस्ट १८७८ मध्ये हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकाराने सायकलप्रवाशांचा एक संघ निघाला. १८८३ साली त्याने 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' हे नाव धारण केले. या संघाची कामगिरी मोठी व्यवहारी होती. उतारशाळांशी बोलून सभासदांसाठी त्याने जेवणाचे व मुक्कामाचे दर ठरवून घेतले, आणि अशा घरांवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सावधगिरीच्या पाट्याही उभ्या केल्या. आगगाडीने मारलेल्या उतारशाळा सायकलने पुन्हा जिवंत केल्या. लंडनहून पोर्ट्स्मथकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिप्ली नावाचे लहानसे गाव आहे. तेथील 'अँकर' ही उतारशाळा तर सायकलस्वारांची पंढरीच बनली होती.

कायद्याची नजर मात्र वक्र होती. १८७९ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, भरधाव हाकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल हीही गाडीच होय. शिक्षेपुरती गाडी, पण गाडीचे हक्क मात्र निःसंदिग्ध नाहीत! पुढे १८८८ च्या कायद्याने सायकलीला सर्वत्र गाडीचा दर्जा दिला, आणि सोबत घंटा वाजविण्याचे बंधनही घातले. हा दर्जा म्हणजे रस्त्यावरील हक्काची सनद होती.

याच सुमारास खुद्द सायकल पालटली. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची व साखळीने चालणारी 'रोव्हर' बनविली. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप याने हवेची धाव काढली. सायकल चालविणे त्यामुळे सुखाचे झाले, आणि पुढे किंमत उतरत गेली तसतसे कारकून व दुकानातले नोकर यांनाही ते साधू लागले. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ सालच्या एका कादंबरीचा नायक कापडाच्या दुकानातला नोकर असून वर्षाची दहा दिवसांची सुटी सायकलीवर घालवितो. ज्या वर्गाने खेडे आगगाडीच्या खिडकीतून पाहिले होते, तो आता त्यातून स्वतःच्या वेगाने हिंडू लागला. १८९९ साली संघाच्या सभासदांची संख्या साठ हजारांवर गेली.

स्त्रियांची वाट याहून बिकट होती. लांब घागरा साखळीत अडके, म्हणून काहींनी सैल विजारीचा पोशाख स्वीकारला. १८९८ साली रिप्लीजवळच्या ऑकम गावी 'हॉटबॉय' या उतारशाळेत लेडी हार्बर्टन या पोशाखात गेल्या. मालकिणीने त्यांना पाहुण्यांच्या दालनात बसू न देता मद्यगृहालगतची खोली दाखविली. त्या बाहेर पडल्या, आणि संघाने मालकिणीवर खटला भरला. १८९९ साली खटल्याचा निकाल संघाविरुद्ध लागला. खटला हरला, पण सायकलीवरून स्त्रिया उतरल्या नाहीत.

रस्त्यांची दुर्दशा हटावी म्हणून सायकलस्वारांनी १८८६ साली रस्तेसुधारणेसाठी एक मंडळ स्थापिले. खडी कशी घालावी, पाणी कसे काढून द्यावे, याविषयी पत्रके काढून ती अधिकाऱ्यांकडे पोहोचविली. याचे फळ कोणास मिळाले? १८९६ साली मोटारीपुढे माणूस चालविण्याची जुनी अट रद्द झाली, आणि सुधारू लागलेल्या रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या. रोव्हर, हंबर, सिंगर या सायकली बनविणाऱ्या कारखान्यांनीच पुढे मोटारीही बनविल्या! हमरस्त्यावर धूळ, गोंगाट व अपघात वाढले, आणि सायकलस्वार आडरस्त्यांकडे वळला.

आडरस्त्यास नकाशा हवा. बार्थोलोम्यूच्या नकाशांच्या दुरुस्त्या संघाचे सभासद प्रत्यक्ष हिंडून कळवीत. फ्रँक पॅटरसन या चित्रकाराने शाईच्या हजारो रेखाचित्रांत जुनी घरे, पूल व पाट्या टिपल्या. १९३० पासून युवक वसतिगृहांत एका शिलिंगात रात्र काढता येऊ लागली. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सायकलस्वारांचे स्मारक १९२१ साली मेरिडन या खेड्यात उभे राहिले. तेथे आजही दरवर्षी मे महिन्यात सायकलस्वार जमतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, शत्रूला वाट सापडू नये म्हणून दिशादर्शक पाट्याच काढून टाकण्यात आल्या, तेव्हा ओळखीचा आडरस्ता हाच सोबती ठरला.

युद्धानंतर मोटारी घरोघर झाल्या व लोहमार्गच बंद पडू लागले. येथे इतिहासाने एक विलक्षण उलटा फेरा घेतला. १९७७ साली ब्रिस्टल येथे स्थापन झालेल्या संस्थेने बाथपर्यंतच्या बंद लोहमार्गावर सायकलींसाठी वाट तयार केली. ज्या आगगाडीने एके काळी हमरस्ता ओस पाडला, तिचीच ओस पडलेली जागा आता सायकलीला मिळाली. २००० च्या कायद्याने काही आडरस्त्यांना 'शांत रस्ते' असा दर्जा देण्याची सोय केली.

दीडशे वर्षांपूर्वी शांत रस्ता मुद्दाम राखावा लागत नव्हता. वाहतूक निघून गेल्याने तो आपोआप शांत होता. आता त्यासाठी कायदा करावा लागतो. इंग्लंडच्या सायकलस्वारांनी रस्ता चांगला व्हावा एवढेच मागितले होते. चांगला झालेला रस्ता कोणासाठी राखावयाचा, हे ठरविण्याचे काम त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर येऊन पडले, आणि ते अद्याप संपलेले नाही.