फणी आणि प्रेमपत्र

बस्तरात मुरिया तरुण लाकडी फणी कोरून तरुणीस देत. ती केसांत खोवी. संग्रहालयात अशी जुनी फणी दिसली की आम्ही साहित्याची माणसे तिला लगेच प्रेमपत्र म्हणतो. परंतु व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७च्या ग्रंथात घोटुलांचे दोन प्रकार आढळतात. एकात जोड्या ठरलेल्या. दुसऱ्यात जोडीदार बदलत राहावा, कोणी कोणावर हक्क सांगू नये, हा दंडक. मग या दुसऱ्या घोटुलातील फणीत एकनिष्ठेची आण कशी वाचावी? गडचिरोलीतील भामरागडात माडियांचा गोटुल मुख्यतः गावाच्या बैठकीचा. तेथील फणीवर बस्तरचा अर्थ लादणे तर अधिकच धाडसाचे. कोणी, कोणास, कोठे दिली हे कळेपर्यंत आम्ही तिला नक्षीदार फणीच म्हणू.