इन्फ्लुएंझा विषाणूची पृष्ठप्रथिने व रोगाची तीव्रता

इन्फ्लुएंझा 'ए' विषाणूच्या बाह्य आवरणावर असणाऱ्या प्रथिनांना पृष्ठप्रथिने म्हणतात. हीमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेज ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एच१एन१, एच५एन१ अशी उपप्रकारांची नावे पडली आहेत. आजाराची तीव्रता बऱ्याच अंशी या प्रथिनांच्या सूक्ष्म रचनेवर अवलंबून असते. केवळ उपप्रकाराच्या नावावरून ती ठरत नाही.

कार्य
हीमॅग्लुटिनिन हे पेशीवरील सियालिक आम्लाला चिकटते व विषाणूला पेशीत प्रवेश मिळवून देते. नवे विषाणू बाहेर पडताना न्यूरामिनिडेज हा बंध तोडते.

तीव्रतेशी संबंध
मानवी फ्लूचे विषाणू मुख्यतः नाक व घशातील पेशींना चिकटतात; त्यामुळे ते खोकल्या-शिंकांतून सहज पसरतात. पक्ष्यांतील विषाणूंना अनुकूल असे ग्राही माणसाच्या फुप्फुसांत खोलवर अधिक असतात. त्यामुळे त्यांची लागण माणसाला क्वचित होते, परंतु झाल्यास तीव्र न्यूमोनिया होऊ शकतो.

पेशीत शिरण्यापूर्वी शरीरातील विकरांनी हीमॅग्लुटिनिनचे दोन तुकडे करावे लागतात. सामान्य फ्लूच्या बाबतीत अशी विकरे प्रामुख्याने श्वसनमार्गात असतात. घातक एच५एन१ विषाणूतील हीमॅग्लुटिनिन मात्र फ्युरिन या विकराने तुटते. हे विकर जवळजवळ सर्व अवयवांत असल्याने विषाणू कोंबडीच्या शरीरभर पसरतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे
फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये एच५एन१ची साथ आली. भारतातील ही पहिली नोंद होय. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मात्र माणसांत लागण आढळली नाही.

२००९ मध्ये एच१एन१ची (स्वाइन फ्लू) महासाथ आली. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. या विषाणूत फ्युरिनने तुटणारी रचना नव्हती व बहुतेकांचा आजार सौम्य होता. परंतु तो माणसांत वेगाने पसरल्याने गंभीर रुग्णांची एकूण संख्या मोठी झाली. दोन्ही विषाणूंत न्यूरामिनिडेज 'एन१'च होते, हे लक्षणीय आहे.

उपचार व लस
ओसेल्टामिविर (टॅमीफ्लू) न्यूरामिनिडेजला रोखते. ते लक्षणे दिसताच सुरू केल्यास अधिक उपयुक्त ठरते. पृष्ठप्रथिने सतत बदलत असल्याने लशीचे घटक वेळोवेळी बदलावे लागतात.

इतर घटक
विषाणूची अंतर्गत जनुके, पूर्वीची प्रतिकारशक्ती, वय, गर्भावस्था व मधुमेहासारखे विकार यांचाही तीव्रतेवर परिणाम होतो.