साचेखात्यात घडलेले सल्लागार

नेतृत्व आणि गटाने काम करणे या विषयांवर कंपन्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आकाराला आला. ब्रिटिश सैन्याला अधिकाऱ्यांची निकड होती आणि नुसत्या मुलाखतीवरून माणूस पारखणे जमत नव्हते. तेव्हा विल्फ्रेड बिऑन या मानसोपचारतज्ज्ञाने उमेदवारांच्या छोट्या गटाला एखादे काम द्यायचे, पण म्होरक्या नेमायचा नाही, अशी पद्धत बसवली. पुढाकार कोण घेतो आणि दुसऱ्याला सांभाळून कोण घेतो, हे परीक्षक बाजूला राहून पाहत. युद्धानंतर याच वर्तुळातल्या लोकांनी लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट उभारली आणि तिची माणसे कारखान्यांत व खाणींत जाऊ लागली. यॉर्कशायरच्या कोळसा खाणींवरचा एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा अभ्यास 1951 साली प्रसिद्ध झाला. बॅमफर्थ स्वतः पूर्वीचा खाणकामगार होता. नवी यंत्रे आली, जुन्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि उत्पादन अपेक्षेइतके वाढले नाही, हे त्यांनी दाखवले. यंत्राची रचना आणि माणसांची रचना एकत्र बसवावी लागते, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याची कसोटी मात्र अहमदाबादेत लागली.

अहमदाबादच्या कॅलिको मिलची सूत्रे तेव्हा गौतम साराभाई यांच्याकडे होती. कंपनीच्या जुबिली मिलमध्ये 1952 साली स्वयंचलित साचे (माग) बसवले गेले, पण कापडाचे उत्पादन आणि प्रत यांत म्हणावी तशी सुधारणा होईना. 1953 साली टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस सल्लागार म्हणून तिथे आले. राइस कारकून, हिशेब किंवा पगाराच्या दरांपासून सुरुवात करू शकले असते. ते साचेखात्यात उभे राहिले आणि कोण कोणाबरोबर काम करतो हे पाहू लागले. सल्लागाराच्या कामाचा कस इथेच लागतो.

खात्यात 224 साचे, 29 कामगार आणि कामाचे 12 प्रकार होते. विणकर, साच्याच्या बॅटरीत म्हणजे कांड्यांच्या खणात कांड्या भरणारा, तुटलेले धागे जोडणारा, साच्यांची देखभाल करणारा जॉबर, तेल घालणारा, झाडूवाला असे प्रत्येकाचे काम वेगळे होते. विणकराकडे 24 ते 32 साचे, कांड्या भरणाऱ्याकडे 40 ते 50, धागे जोडणाऱ्याकडे 60 ते 80, तर तेल घालणाऱ्याकडे सगळेच्या सगळे. प्रत्येकाच्या वाट्याची हद्द निराळी असल्यामुळे एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणाऱ्याचा पाच-अष्टमांश आणि धागे जोडणाऱ्याचा तीन-अष्टमांश भाग येत असे. हा हिशेब राइस यांनीच मांडला. कामाचा वेग, ताण आणि कार्यमापन यांचा अभ्यास करून ज्याची त्याला कामे वाटून दिली होती, पण ठरावीक साच्यांची जबाबदारी घेणारी मंडळी कुठेच नव्हती. मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांत काम केलेल्या कोणालाही ही अडचण लगेच कळावी. धागा तुटला आणि साचा बंद पडला की दोष कोणाचा, यावर वाद सुरू होतो.

राइस यांनी सुचवलेली कल्पना साधी होती. साच्यांचा एक गट आणि त्याची जबाबदारी घेणारा माणसांचा एक गट. व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांशी बोलणी सुरू असतानाच ही गोष्ट खात्यात पोचली, आणि पुढे जे घडले त्यामुळे हा प्रयोग साऱ्या जगाला ठाऊक झाला. वरून आराखडा येण्याची वाट न पाहता कामगारांनी स्वतःच चार गट पाडले. प्रत्येक गटात सात माणसे. सल्लागाराने कल्पना मांडली, रचना कामगारांनी उभी केली, आणि या दोन गोष्टींतले अंतर पुढच्या प्रत्येक सल्लागाराने लक्षात ठेवावे इतके मोलाचे आहे.

सुरुवातीचे यश टिकले नाही. उत्पादन वाढले, पण खराब कापडही वाढले. मग प्रशिक्षण, देखभाल आणि गटाच्या आतल्या कामाच्या वाटणीत दुरुस्त्या झाल्या. त्यानंतर साच्यांची कार्यक्षमता सरासरी 80 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचे प्रमाण 32 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर उतरले. राइस यांचे या प्रयोगावरचे पुस्तक 1958 साली निघाले.

याच गिरणीत आणखी एक सल्लागार घडला. एरिक मिलर हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ केरळ आणि थायलंडमध्ये अभ्यास करून आला होता. 1950 च्या दशकात त्याने कॅलिको मिलमध्ये कंपनीचा अंतर्गत सल्लागार म्हणून काम केले आणि 1958 साली तो टॅव्हिस्टॉकमध्ये दाखल झाला. जातीच्या आणि गावाच्या सीमा कशा आखल्या जातात हे पाहिलेल्या माणसाला कारखान्यातल्या सीमा लवकर दिसल्या असणार. गटाची हद्द कोणती, तिच्या आत काय येते आणि ती कोण राखतो, हा प्रश्न पुढे राइस आणि मिलर यांच्या एकत्रित लेखनाचा कणा झाला. नेतृत्वाची त्यांची कल्पनाही त्यातूनच आली: नेता हद्दीवर उभा राहतो, आतले काम आणि बाहेरची मागणी यांची सांगड घालतो.

1957 साली टॅव्हिस्टॉक आणि लेस्टर विद्यापीठ यांनी मिळून निवासी शिबिर घेतले. गट कसा वागतो हे गटात बसूनच शिकायचे, असा त्याचा बेत होता. पुढे ही शिबिरे राइस यांच्या नेतृत्वाखाली चालली. 1965 साली त्यांनी नेतृत्व-शिक्षणावर पुस्तक लिहिले. 1969 साली त्यांचे निधन झाल्यावर अमेरिकेत त्यांच्या नावाची संस्था निघाली.

मिलर 1970 साली अहमदाबादला परतला आणि गटपद्धतीचे काय झाले ते त्याने तपासले. ही पद्धत पोचलेल्या चार साचेखात्यांपैकी एकात ती जवळजवळ मूळ रूपात टिकून होती. बाकीच्या ठिकाणी ती विरली होती. बाजाराच्या मागणीमुळे कापडाचे प्रकार वाढले, गटांवरचा ताण वाढला आणि व्यवस्थापनाने गटाची हद्द जपण्याऐवजी रोजच्या अडचणी सोडवण्यासाठी ती वारंवार ओलांडली. हा पाहणी-अहवाल 1975 साली छापून आला.