भीमाशंकरच्या रानाचा शोध

केंदूरची वेळ नदी पुढे तळेगाव ढमढेऱ्याजवळ भीमेला मिळते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या भीमेच्या उगमाकडे पायी निघाले तर काही मुक्कामांतच सृष्टी पालटते. आपल्याकडे बाभळी आणि तरवड. तिकडे सुमारे ३,००० फुटांवर अंजन, जांभूळ, हिरड्याचे असे सदाहरित रान, की भरदुपारी ऊन जमिनीस लागत नाही.

भीमाशंकरच्या देवळाचे शिखर नाना फडणविसांनी बांधविले आणि तेथील घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु सभोवतीचे रान कोणी राखले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मुंबई इलाख्याच्या जंगलांच्या इतिहासात पहिले नाव येते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे. हे स्कॉटिश डॉक्टर १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पतिबागेचे प्रमुख होते आणि १८४७ मध्ये इलाख्याचे जंगलरक्षक झाले. सह्याद्रीत हिंडून त्यांनी इशारा दिला की, अशीच तोड चालू राहिली तर झरे आटतील. माणूस अभ्यासू होता, हे कबूल केलेच पाहिजे. पण डोंगरात वाट दाखविणारा, झाडाचे नाव व गुण सांगणारा कोणी असल्यावाचून परक्याचे पाऊल पुढे पडत नाही. त्या माणसाचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही.

पुढे आगगाडी आली. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे होते, आणि सरकारला जंगल हवे होते. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी राखीव जंगले आखली. काल जो हक्क होता तो आज सवलत ठरला, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. डोंगरातला महादेव कोळी आपल्याच रानात गुन्हेगार ठरू लागला.

त्याचे स्वतःचे कायदे मात्र जुने होते. देवराईतली काडीसुद्धा मोडायची नाही! याला आपण शहाणे लोक अंधश्रद्धा म्हणत आलो. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांचे तिकडे लक्ष गेले. सभोवतालची तोड होऊनही जुने वृक्ष आणि वेली या राखलेल्या तुकड्यांत टिकल्या होत्या.

१९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. त्यात शेकरूला आसरा मिळाला. औषधाला आणि कातडे कमावायला लागणारा हिरडा वेचून पोट भरणाऱ्याला आपला हक्क कागदावर मागण्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली.