कॅमेरा कुणाच्या हातात?

मराठी पडद्यावर बाई लवकर आली, कॅमेऱ्यामागे मात्र फार उशिरा. सुमित्रा भावे समाजकार्य शिकलेल्या, सिनेमा नव्हे. १९८५ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या स्त्रीवर 'बाई' हा लघुपट केला. त्यांनी नोंदवलेल्या आठ दलित स्त्रियांच्या कहाण्या १९८८ मध्ये गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादातून इंग्रजीत आल्या. पुढे 'दोघी' आला, 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं.

हे काम मोलाचंच. पण सोसणारी आपली आणि नोंदवणारी दुसरी, हे किती दिवस? आपलं म्हणणं आपणच मांडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. त्याच वर्षी कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली. आज कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी करणाऱ्या बहिणीच्या हातातही मोबाईलचा कॅमेरा आहे. तिची गोष्ट आता तिनेच दाखवावी.

जय भीम!