लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदी : स्वीडनमध्ये ६३, भारतात दोन

१९९४ च्या जुलै महिन्यात जळगाव शहराचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. शाळा-महाविद्यालयांतील मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून आणि ती उघड करण्याची धमकी देऊन त्यांच्यावर वारंवार अत्याचार करणाऱ्या टोळ्यांचे हे प्रकरण ‘जळगाव वासनाकांड’ म्हणून ओळखले गेले. संशयितांत स्थानिक राजकारणी आणि धनदांडगे होते. पीडितांची संख्या काही शेकड्यांत असल्याचे त्या वेळी सांगितले जात होते. प्रत्यक्षात पोलिसांपुढे येऊन तक्रार देणाऱ्या मुली व महिला मात्र मोजक्याच निघाल्या. नाव फुटले तर लग्न मोडेल, धाकट्या बहिणीला स्थळ येणार नाही, या धास्तीने घराघरांतून तोंडे बंद झाली. विशेष न्यायालय नेमले गेले, काही जणांना शिक्षाही झाल्या. पण त्यांतील काही पुढे उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. तक्रार द्यायला इतका उशीर का केला, हा प्रश्न या खटल्यांत पीडितांना सतत भोवला.

सरकारी आकडेवारीच्या दृष्टीने त्या वर्षीचे जळगाव म्हणजे नोंदलेले मोजके गुन्हे. शहरात घडले किती आणि कागदावर आले किती, यांतील अंतर त्या आकड्यातून कळत नाही. देशादेशांतील लैंगिक गुन्ह्यांच्या दरांची तुलना वाचताना ध्यानात ठेवायची गोष्ट नेमकी हीच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी संकलित केलेल्या माहितीनुसार २०१० मध्ये स्वीडनमध्ये दर लाख लोकसंख्येमागे बलात्काराचे सुमारे ६३ गुन्हे नोंदले गेले. भारतात त्याच वर्षी हा दर दोनच्याही खाली होता. आकडे शब्दशः घेतले तर भारतीय स्त्री स्वीडिश स्त्रीपेक्षा तीस पटींहून अधिक सुरक्षित ठरते. असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. मग फरक येतो कुठून?

पहिला फरक व्याख्येचा. स्वीडनमध्ये पत्नीवरील बलात्कार १९६५ पासून गुन्हा आहे. २००५ मध्ये तेथील व्याख्या विस्तारली. शुद्धीत नसलेल्या किंवा झोपेत असलेल्या व्यक्तीचा गैरफायदा घेणेही बलात्कारात मोडू लागले. १ जुलै २०१८ पासून तर स्वेच्छेने सहभाग नसेल तर तो बलात्कारच, अशी तरतूद झाली. बळजबरी वा धमकी सिद्ध करण्याची अट उरली नाही. भारतात भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही, जुन्या दंड संहितेप्रमाणेच, अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवलेला आहे. २०१७ पर्यंत ही वयोमर्यादा पंधरा वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अठरावर नेली. म्हणजे एकच कृत्य स्टॉकहोममध्ये गुन्ह्यांच्या यादीत चढते आणि धुळ्यात चढत नाही. अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने १९२० च्या दशकातील, केवळ स्त्रीवर बळाने केलेल्या कृत्यापुरती मर्यादित व्याख्या २०१२ मध्ये बदलण्याचे जाहीर केले. जपानने १९०७ पासून चालत आलेला कायदा २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बदलला. या देशांतील जुन्या-नव्या वर्षांची तुलनादेखील त्यामुळे जपूनच करावी लागते.

दुसरा फरक मोजणीचा, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, एखाद्या स्त्रीने वर्षभर दररोज पतीने अत्याचार केल्याची तक्रार दिली, तर स्वीडनच्या पद्धतीत प्रत्येक कृत्य वेगळे धरले जाते आणि एका तक्रारीतून तीनशेहून अधिक गुन्हे नोंदले जाऊ शकतात. शिवाय तेथे नोंद तक्रार येताक्षणीच होते. पुढे तपासात गुन्हा झालाच नव्हता असे ठरले तरी आकडा कायम राहतो. जर्मनीत पोलिसांची मोजणी तपास पूर्ण झाल्यावर होते. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (‘एनसीआरबी’) रीत आणखी वेगळी. एका प्राथमिक माहिती अहवालात, म्हणजे एफआयआरमध्ये, अनेक गुन्हे असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला असेल तर ती नोंद खुनात जाते. अशा प्रकरणांसाठी अहवालात आता निराळे शीर्षक असते.

‘एनसीआरबी’ने २०२२ साठी देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे दाखवले आहेत. वृत्तपत्रांत हाच आकडा छापला जातो. परंतु अल्पवयीन मुलींवरील बहुसंख्य प्रकरणे बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या (‘पोक्सो’) निराळ्या तक्त्यात असतात, आणि २०२२ मध्ये त्या तक्त्यातील बलात्कारसदृश गुन्ह्यांची संख्या या ३१,५१६ पेक्षा अधिक होती. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचणारा वाचक विरळाच. दराचेही तसेच. पूर्वी तो एकूण लोकसंख्येवर काढला जाई, आता स्त्रियांच्या लोकसंख्येवर काढतात. त्यामुळे २०२२ चा ४.७ हा दर जुन्या दरांशी थेट ताडून पाहता येत नाही.

खान्देशातच पाहायचे तर २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख २९ हजार, तर धुळ्याची २० लाख ५० हजार. दोन्हीकडे शंभर-शंभर गुन्हे नोंदले गेले असे उदाहरणादाखल धरले, तरी धुळ्याचा दर जळगावच्या दुप्पट दिसेल. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या आधीचा ‘धुळे’ हा आकडा नंतरच्या ‘धुळे’शी जुळवता येणारच नाही; कारण साक्री-शिरपूरबरोबर तेव्हा अक्कलकुवा-धडगावही त्यात होते.

तिसरा फरक सर्वांत मोठा : पोलीस ठाण्यापर्यंतचा रस्ता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील सहा टक्के स्त्रियांनी कधी ना कधी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणे म्हणजे बहुधा माहेर किंवा शेजार. पोलिसांचा क्रमांक त्यात फार खाली लागतो. नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दर शंभरांपैकी नव्वदहून अधिक ठिकाणी आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, हे ‘एनसीआरबी’च दरवर्षी सांगते. नात्यातल्या, गल्लीतल्या माणसाविरुद्ध फिर्याद देणे किती अवघड, हे जळगावने पाहिलेच आहे.

साक्री किंवा शिरपूरच्या आदिवासी पाड्यावरील स्त्रीची अडचण त्याहून वेगळी. ती बोलते भिली, पावरी किंवा अहिराणी. जबाब लिहिला जातो प्रमाण मराठीत. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलीवर तिकडे अत्याचार झाला तर हद्द गुजरातची आणि घर महाराष्ट्राचे. ‘आमच्या हद्दीत नाही’ या उत्तराने कित्येक तक्रारी उंबरठ्यावरच संपतात. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट शब्दांत आली आहे. ती पाड्यापर्यंत पोहोचणे हे काम वेगळे.

श्रीमंत देशांतही ही गळती थांबलेली नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सर्वेक्षणात बलात्कार सोसल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांपैकी सहांतील एकीपेक्षाही कमी जणींनी पोलिसांना कळवलेले असते. तेथील पोलीस निरीक्षण संस्थेला २०१४ मध्ये आढळले, की पोलिसांपर्यंत आलेल्या लैंगिक गुन्ह्यांपैकीही २६ टक्के नोंदलेच गेले नव्हते. त्यानंतर नोंदी सुधारल्या आणि आकडे भराभर चढले. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशाखाली बलात्कार सिद्ध न झाल्यास फिर्यादी स्त्रीवरच व्यभिचाराचा आरोप येण्याचा धोका होता. २००६ मध्ये कायदा बदलेपर्यंत तेथील नोंदींना काय अर्थ होता, याची कल्पना करता येईल.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९७२ मध्ये आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये चार विधी प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले, आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापण्यावर बंदी त्याच दुरुस्तीने आली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर २०१३ मध्ये दुसरी मोठी दुरुस्ती झाली. व्याख्या रुंदावली, संमतीचे वय सोळावरून अठरा झाले आणि तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद झाली. परिणाम आकड्यांत लगेच दिसला. २०१२ मध्ये देशात २४,९२३ गुन्हे होते. २०१३ मध्ये ते ३३,७०७ झाले. एका वर्षात पुरुषजात तिपटीने नाही, तरी तिसऱ्या हिश्शाने बिघडली, असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होतेच.

उलट बाजूही नोंदवायला हवी. सगळा वाढीव आकडा म्हणजे बोलत्या झालेल्या पीडिताच, असेही नाही. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत २०१३ मध्ये पूर्ण सुनावणी झालेल्या ४६० प्रकरणांची छाननी ‘द हिंदू’ या दैनिकाने केली. त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक प्रकरणे परस्परसंमतीच्या संबंधांची, बहुतेक पळून गेलेल्या जोडप्यांची होती. मुलीच्या पालकांनी फिर्याद दिलेली. खान्देशातही आंतरजातीय प्रेमप्रकरणात ‘पळवून नेले’ ही फिर्याद ठाण्याला अपरिचित नाही. खरी पीडिता घरी गप्प आणि स्वेच्छेने गेलेली मुलगी कागदावर पीडित, असा हा विचित्र हिशेब.

तुलनेसाठी त्यातल्या त्यात विश्वासार्ह साधन म्हणजे पोलिसांना वगळून थेट स्त्रियांना विचारणारी सर्वेक्षणे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतील ४२ हजार स्त्रियांना एकच प्रश्नावली विचारून २०१४ मध्ये अहवाल दिला. पंधराव्या वर्षानंतर शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, फिनलंडमध्ये ४७, स्वीडनमध्ये ४६, तर पोलंडमध्ये १९ टक्के स्त्रियांनी सांगितले. येथेही उत्तरेकडचे, स्त्री-पुरुष समानतेत पुढे असलेले देश वर आणि पोलंड तळाशी. परक्या व्यक्तीपुढे असे काही सांगण्याची सवय कोठे अधिक आहे, हाही भाग त्यात मिसळलेला असणार, असे अभ्यासक मानतात; तो वेगळा काढून दाखवणे अद्याप कोणाला नीट साधलेले नाही. स्वीडन आणि पोलंड यांच्यातील फरक मात्र या सर्वेक्षणात अडीच पटींच्या आसपास राहतो. पोलिसी नोंदींतला स्वीडन-भारत फरक तीस पटींचा होता.