साखरेचा धागा आणि सोऱ्याचे कूळ

गेल्या लग्नसराईत आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी बांधून भेटावयास आल्या. पतीच्या निधनानंतर लग्नाचे केक करून त्या दोन मुलांचे शिक्षण सांभाळतात. केकच्या कडेने फॉन्डंटचा पिळाचा दोर फिरवावा म्हणून त्यांनी एक एक्स्ट्रूडर विकत आणला होता. पिचकारीच्या घाटाचे ते उपकरण त्यांनी आमच्या मेजावर ठेवले आणि म्हणाल्या, "फादर, हे साखर दाबतं की माझा अंगठा, तेच कळत नाही. तुम्ही एवढी जुनी पुस्तकं चाळता, हे काढलं कुणी ते तरी सांगा!"

प्रश्न थट्टेचा होता खरा, पण आम्हाला तो सोडवेना. उपकरण उघडून पाहिले तर आत एक नळकांडे, एक दट्ट्या आणि निरनिराळ्या छिद्रांच्या चकत्या. वाचकहो, हा तर आपल्या घरचा सोऱ्या! दिवाळीला शेजारच्या घरातून चकल्यांचे ताट येते आणि त्या चकल्या ज्यातून उतरतात, तोच हा. फरक आकाराचा आणि आत भरावयाच्या जिनसाचा.

प्रथम जिनसाचा इतिहास पाहू. फॉन्डंट हे नाव फ्रेंच, 'वितळणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेले. पण ज्या फ्रेंच पाकाला ते मूळचे लागू होते तो ओतावयाचा. लाटून केकवर पांघरावयाच्या साखरेच्या लगद्याचे कूळ वेगळे आणि अधिक जुने आहे. सोळाव्या शतकातील इटलीत कतिऱ्याच्या जातीचा डिंक पाण्यात फुगवून त्यात बारीक वाटलेली साखर मळीत असत. सन 1555 मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध झालेल्या, आलेस्सियो पिएमोंतेसे या नावाने लिहिलेल्या गुपितांच्या ग्रंथात ही कृती आहे. अशा लगद्याची ताटे, पेले व फळे घडवावीत आणि जेवण आटोपल्यावर तीच खाऊन टाकावीत, असे ग्रंथकर्ता सांगतो. सन 1574 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्यासाठी मांडलेल्या मेजवानीत रुमालसुद्धा साखरेचे होते. राजाने रुमाल उचलला आणि तो हातातच मोडला, असे सांगतात. त्या काळी साखर हे श्रीमंतीचे प्रदर्शन होते. पुढे ती सामान्यांच्या घरात आली. मात्र तिला स्वस्त करण्यासाठी ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या किती माणसांचे हात झिजले, हे ख्रिस्ती राष्ट्रांच्या इतिहासातील एक लाजिरवाणे पान आहे.

आता उपकरणाकडे वळू. पाचवे पोप पायस यांचे खासगी आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी यांनी सन 1570 मध्ये आपला पाकशास्त्रावरील बृहद्ग्रंथ छापला. त्यात स्वयंपाकघरातील भांड्यांची व अवजारांची चित्रे आहेत. पिचकारीचा उपयोगही तेथे येतो: तिच्यातून पीठ दाबून तळावयाचे, लोणी दाबून त्याचे धागे काढून वर साखर भुरभुरवावयाची. म्हणजे पोपमहाशयांच्या मुदपाकखान्यात हा दट्ट्या साडेचारशे वर्षांपूर्वी चालत होता. आमच्या भगिनींना हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मग एवढ्या वर्षांत अंगठ्याचा विचार कुणीच केला नाही?"

विचार झाला होता. मऊ लोणी अंगठ्याने उतरते. घट्ट कणीक उतरत नाही. सतराव्या शतकात नेपल्समध्ये शेवया-मॅकरोनी करणाऱ्यांनी मळसुत्री दाबयंत्र वापरात आणले. जाड आट्यांचा खांब लांब दांड्याने फिरवावयाचा, म्हणजे खालच्या धातूच्या साच्यातून पिठाच्या नळ्या बाहेर येतात. मळसूत्राचे रहस्य असे, की दांड्याचा एक पूर्ण फेरा घेतला तरी दट्ट्या जेमतेम एका आट्याइतकाच खाली सरकतो. हाताने पुष्कळ अंतर चालावयाचे आणि त्या मोबदल्यात दट्ट्याला पुष्कळ जोर मिळवावयाचा. आपल्या फिरकीच्या सोऱ्याचे हेच तत्त्व.

हीच युक्ती पुढे धातूच्या कामी आली. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने शिशाच्या नळ्या दाबून काढण्याच्या कृतीचे पेटंट सन 1797 मध्ये घेतले. शिसे तापवून मऊ करावयाचे आणि हाताच्या दट्ट्याने साच्यातून रेटावयाचे. सन 1820 मध्ये टॉमस बर याने त्यासाठी पाण्याच्या दाबाचे यंत्र योजले. कारखानदारीच्या भाषेत या क्रियेला एक्स्ट्रूजन म्हणतात आणि आजच्या केकच्या उपकरणाने तेच भारदस्त नाव घेतले आहे.

केकवर ते इतक्या उशिरा का आले, याचे उत्तर पुन्हा जिनसातच आहे. सन 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता. त्या शतकातील इंग्रजी लग्नाच्या केकचा थाट होता तो अंड्याचा पांढरा बलक व साखर घोटून केलेल्या रॉयल आयसिंगचा. ते कागदाच्या शंकूतून, बोटांच्या हलक्या दाबाने उतरते. त्याला यंत्र नको, निष्णात हात हवा. जोसेफ लँबेथ यांनी सन 1934 मध्ये ग्रंथबद्ध केलेली एकावर एक रेषा चढवीत जाण्याची पद्धत पाहिली, तर त्या हातांना वंदनच करावेसे वाटते. आमच्या लहानपणी लग्नाला असेच पांढरे, सुरीला दाद न देणारे आयसिंग असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाटावयाचा मऊ लगदा सर्वत्र पसरला. ग्लुकोज आणि ग्लिसरीन घातल्याने तो लवकर कडक होत नाही. तो लाटता येतो, कापता येतो. पण शंकूतून उतरण्याइतका पातळ नसतो. त्याचा एकसारखा धागा काढावयाचा तर पुन्हा मळसूत्रालाच शरण जाणे आले. मातीकाम करणाऱ्या हौशी मंडळींचे छोटे दाबयंत्र याच घाटाचे. तेच रूप केकवाल्यांच्या हाती आले. (माती दाबलेले यंत्र मात्र पुन्हा खाण्याच्या पदार्थाला लावू नये.)

इतके झाल्यावर निवड सोपी होते. अंगठ्याने दाबावयाची पिचकारी पातळ आयसिंगसाठी ठीक, फॉन्डंटसाठी नव्हे. खटका ओढून चालणारी बंदूक बरी, पण एका दिवसात तीन केक असतील तर मनगट बोलू लागते. मळसुत्री फिरकीची घ्यावी; नळकांडे पोलादी असावे आणि आटे प्लास्टिकचे नसावेत, कारण आधी तेच झिजतात. नळकांडे अरुंद असावे. त्याची रुंदी दुप्पट झाली की तोच दाब आणण्यासाठी चौपट जोर लागतो. अरुंद नळकांडे वारंवार भरावे लागते, हा त्रास पत्करावा.

भगिनींनी आईचा पितळी सोऱ्याही वापरून पाहिला होता. छिद्रे मोठी, शिवाय पितळेच्या सांदीत साखर अडकून हिरवट पुटे चढली. तो नाद त्यांनी सोडला हे बरे झाले.

एवढे करूनही धागा तुटतो. तेव्हा दोष बहुधा लगद्याचा असतो. कडा करवतीच्या दात्यांसारख्या फाटू लागल्या तर लगदा कोरडा आहे असे समजावे. नखभर वनस्पती तूप लावून, तळवे गरम होईपर्यंत मळावा. ब्रामाने शिसे तापविले ते याच न्यायाने. पाणी घालू नये. साखर विरघळून सगळे चिकट होते. पावसाळ्यात वसईच्या हवेला तर पाण्याचीही गरज नाही! लगद्याची नळकांड्याहून किंचित बारीक वळकटी करून सरकवावी, म्हणजे हवा कोंडून मध्येच फट्‌ असा आवाज होत नाही. फिरकी न थांबता फिरवावी. जेथे थांबाल तेथे धाग्यावर गाठ उमटते.

दोरासाठी तिपानी चकती लावावी. निघालेल्या धाग्याचे एक टोक स्थिर धरून दुसरे पिळले की तीन पदरांचा दोर दिसतो. केकवर पाण्याचा अगदी बारीक बोळा फिरवून तो लगेच बसवावा. अर्ध्या तासाने वाकविला तर तडकतो. काम होताच यंत्र कोमट पाण्यात बुडवावे. साखर आपोआप सुटते, सुईने छिद्रे टोकरावी लागत नाहीत. दट्ट्यावर रबरी कडे असेल तर ते काढून निराळे वाळवावे.

भगिनींनी जुनी पिचकारी परत करावयास नेली, तेव्हा दुकानदाराने घेतली नाही. चकत्या तेवढ्या नव्या यंत्राला नेमक्या बसल्या.